उसनी म्हातारी

माझ्या नावावर एकही पुस्तक नाही. पण वाशीम जिल्ह्यातल्या सात जणांच्या नावावर जे एकेक पुस्तक आहे, ते मी लिहिलेलं आहे. आतल्या पानावर, मुद्रकाचा पत्ता आणि 'सर्व हक्क सुरक्षित' यांच्या मधोमध, बारीक अक्षरात 'शब्दांकन' असा एक शब्द असतो आणि त्याच्यापुढे मी असतो. ते पान कोणी वाचत नाही. दोनदा तिथं माझं आडनाव चुकलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. एकदा तर माझ्याही नाही.

पोटापाण्याचं काम पत्रकारितेचं. एका दैनिकाचा मी जिल्हा प्रतिनिधी. बाहेरच्यांना वाटतं की आम्ही बातम्या लिहितो. बातम्याही लिहितो, पण आमचा हात खरा बसतो तो वाढदिवसाच्या पुरवण्यांवर. कोणाचाही वाढदिवस असो, चार परिच्छेद तयार असतात: प्रतिकूल परिस्थिती, जिद्द, दांडगा जनसंपर्क, पुढील वाटचालीस शुभेच्छा. नाव तेवढं बदलायचं. एकदा घाईत नाव बदललं आणि परिच्छेद तसाच राहिला, त्यामुळे एका महिला पदाधिकाऱ्यांच्या पुरवणीत 'त्यांच्या भारदस्त मिशांकडे पाहताच विरोधकांना घाम फुटतो' असं छापून आलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी फोन करून आभार मानले. फोटो मोठा आल्यामुळे त्या खूश होत्या.

या पुरवण्यांतूनच पुस्तकं निघाली. एका पानावर इतका मोठा दिसणारा माणूस शंभर पानांवर केवढा दिसेल, असा विचार त्या माणसांच्या मनात येणं साहजिक होतं. पहिलं पुस्तक वेळेच्या नियोजनावर. लेखक निवृत्त अभियंता. त्यांनी तरुणपणी सुरू केलेला कालवा ते निवृत्त झाले तरी पाण्याची वाट पाहत होता. दुसरं पुस्तक राग आवरण्यावर. त्याचे लेखक एका मंगल कार्यालयाचे मालक. शांत राहण्याच्या उपायांवरचं प्रकरण ते मला सांगत असताना त्यांना खिडकीतून डेकोरेशनवाला दिसला. ते उठले, त्याला फाटकापर्यंत पिटाळून आले, धापा टाकत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हं. चौथा उपाय."

ही पुस्तकं विकली जात नाहीत, भेट दिली जातात. सत्कारात शाल, नारळ आणि पुस्तक. नारळ निदान पुढं कधीतरी फुटतो.

आता त्या सातव्या पुस्तकाकडे येतो, कारण त्यानं मला महिनाभर झोप लागू दिली नाही.

लेखक होते एका स्पर्धा परीक्षा वर्गाचे संचालक. वय पंचेचाळीसच्या आसपास, उत्साह दुप्पट, कोट सदैव अंगात. ते मोबाइलवर रोज सकाळी एक प्रेरणादायी व्हिडिओ टाकायचे आणि त्यात हाताची मूठ वळून 'तुम्ही करू शकता' असं सांगायचे. काय करू शकता ते सांगायला वेळ उरायचा नाही. पुस्तकाच्या नावात दोन क्रियापदं आणि तीन उद्गारचिन्हं असावीत हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. उरलेलं मी ठरवायचं होतं.

अशा पुस्तकाचं पहिलं प्रकरण संघर्षाचं असतं. ते नसेल तर वाचक दुसऱ्या प्रकरणावर विश्वास ठेवत नाही. मी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि विचारलं, "लहानपणी काय हाल झाले?"

संचालक विचारात पडले. त्यांच्या वडिलांचं शेलूबाजारला खत-बियाण्यांचं भलंमोठं दुकान. दहावीत यांच्याकडे स्कूटर होती. बारावीला टक्के चांगले, लग्न वेळेवर, आजार नाही.

"टीव्हीचा अँटेना फिरवायले मलेच गच्चीवर जा लागे," ते अखेर म्हणाले. "उन्हातान्हात. बहीण कधीच जात नव्हती."

"आणखी?"

"तुमीच पा ना काहीतरी, पत्रकार साहेब. संघर्ष तं पायजेच."

गरिबी पुरवणं हे या धंद्यातलं माझं मुख्य काम, आणि तोवर माझ्याकडची सगळी गरिबी संपली होती. अनवाणी शाळा एकाला दिली होती, कंदिलाचा अभ्यास दुसऱ्याला, एकच सदरा तिसऱ्याला. एका जिल्ह्यात एकच सदरा दोघांना देता येत नाही, दोघंही एका व्यासपीठावर येतात. मुद्रक घाई करत होता. आणि त्या घाईत मी वडिलांची गोष्ट देऊन टाकली.

माझे वडील एसटीचे निवृत्त कंडक्टर. मोजकं बोलणारा माणूस. नोकरीत त्यांनी आयुष्यभर 'पुढं सरका' आणि 'सुटे द्या' एवढंच मोठ्यानं म्हटलं असावं. निवृत्तीनंतर त्यांनी माझी तपासणी हाती घेतली. सकाळी पेपर आला की लाल पेन्सिल घेऊन बसतात. "रिठदच्या आगीत दोन म्हशी लिहिल्या तूनं. तीन होत्या." मी म्हणतो, पोलिसांनी दोन सांगितल्या. ते म्हणतात, "पोलिसानं म्हशी मोजल्या का म्हशीवाल्यानं?"

या माणसानं स्वतःबद्दलची गोष्ट मला आयुष्यात एकदा सांगितली. आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि दुपारी अंगणात बसल्या बसल्या ते बोलायला लागले. अनसिंगला आमच्या वस्तीत वाचता येणारा पहिला मुलगा तेच. वय नऊ-दहा. वस्तीत कोणाचंही टपाल आलं की यांच्याकडे यायचं. शेजारी एक म्हातारी होती. तिचा एकुलता मुलगा दूर कुठंतरी रेल्वेच्या कामावर. त्याचं पोस्टकार्ड यायचं: मी खुशाल आहे, सुट्टी नाही, काळजी करू नये. वाचून झालं की म्हातारी तशीच बसून राहायची, अजून काही असेल म्हणून. मग या पोरानं एकदा पुढं वाचलं. तुझा गुडघा कसा आहे, शेळी व्याली का, तुझ्या हातची भाकर आठवते. कार्डावर यातलं काहीच नव्हतं. म्हातारीनं पदराखालून मूठभर शेंगा काढून पोराच्या ओंजळीत घातल्या.

एवढं सांगून बाबा उठले आणि पाहुण्यांच्या खुर्च्या घड्या करायला लागले. त्यानंतर तो विषय नाही.

ही गोष्ट मी संचालकांच्या पहिल्या प्रकरणात घातली. 'सकारात्मक संवादाची बाराखडी' या उपशीर्षकाखाली. अनसिंगचं शेलूबाजार केलं, शेंगांचा गूळ केला. संचालकांच्या लहानपणी शेलूबाजारात बहुतेकांना वाचता येत होतं, पण आत्मविश्वासाच्या पुस्तकात सालं कोणी पडताळत नाही. एकच गोष्ट मला संपादक म्हणून खटकली. पोस्टकार्डावर एवढा मजकूर मावणार नाही, वाचकाला पटणार नाही. म्हणून मी पोस्टकार्डाचं आंतर्देशीय पत्र केलं, निळं, तीन घड्यांचं. त्यावर शेळी, गुडघा आणि भाकर आरामात बसली.

संचालकांनी प्रकरण वाचलं आणि डोळे पुसले. "हेच पायजे होतं," ते म्हणाले. "मी कसा विसरलो होतो?"

पुस्तक छापून आलं. एक गठ्ठा माझ्या घरी आला, तो मी दिवाणाच्या पोटात, जुन्या चादरींखाली ढकलला. बाबा माझी पुस्तकं सहसा वाचत नसत; दुसऱ्याच्या नावाचं तिकीट मी तपासत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मी निर्धास्त होतो. प्रकाशन सोहळा व्हावा, चहा व्हावा, पुस्तकं नारळासोबत जिल्हाभर जावीत आणि न उघडता राहावीत, एवढीच माझी इच्छा होती.

पण संचालक मनानं चांगले होते. चांगल्या मनाची माणसं सोहळा ठरवतात तेव्हा कोणाचं काय होईल सांगता येत नाही. एका सकाळी ते निमंत्रणपत्रिका, पेढे आणि दोन सहकाऱ्यांसह आमच्या घरी आले, बाबांच्या पायाला हात लावून सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "काका, सरांनी माझ्यासाठी एवढं केलं. त्यांचा सत्कार ते करू देत नाहीत. मग मी ठरवलं, ज्यांनी त्यांना घडवलं त्यांचाच सत्कार करायचा. तुम्ही स्टेजवर पाहिजे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर."

आमच्याकडे ही पद्धतच पडली आहे. माणसाचा सत्कार करता आला नाही की त्याच्या आईवडिलांचा करतात. पत्रिकेत बाबांचं नाव छापलेलंसुद्धा होतं, 'आदर्श पिता' या शीर्षकाखाली. मी बाबांकडे पाहिलं. नाही म्हणतील अशी आशा होती.

"कोट घाला लागंन का?" बाबांनी विचारलं.

पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "आता सांगून टाका त्यायले."

तिला मी नुकतंच सगळं सांगितलं होतं, तेही स्वयंपाकघराचं दार लावून. "कसं सांगू? एकच गोष्ट होती त्या माणसाकडं. तीही मी कोचिंग क्लासवाल्याला देऊन बसलो."

"थे स्टेजवर बसून आयकतीन त्यापेक्षा तं बरं."

तिचं बरोबर होतं आणि मी प्रयत्नही केले. एकदा चहाच्या वेळी सुरुवात केली, "बाबा, तुम्ही मला एकदा अनसिंगचं सांगितलं होतं..." ते इस्त्री करत होते. सत्काराला घालायचा सदरा कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी. निवृत्तीच्या दिवशी डेपोत मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळानंतर त्यांना कोणी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं. ते मान वर न करता म्हणाले, "अनसिंगचं काय?" मी म्हणालो, "काही नाही, तिथं पाऊस चांगला झाला म्हणतात." पाऊस झालाच नव्हता. बाबांनी ती चूक धरली नाही, यावरून मला शंका यायला हवी होती.

संचालकांना गाठून विनवलं, की भाषणात म्हातारीची गोष्ट नको, वेळ कमी आहे. ते दुखावले. "साहेब, थेच तं भाषण हाय! व्हिडिओवर टाकली तं लोक रडून राह्यले." मग हळूच म्हणाले, "मले तिचा चेहरा आठवते आता."

म्हातारी मी उसनी दिली होती. ती आता त्यांच्या घरी राहायला गेली होती.

सोहळा वाशीमला, आमच्या राग आवरणाऱ्या लेखकांच्याच मंगल कार्यालयात. ते दाराशी उभे राहून माईकवाल्याला काही उपाय समजावून सांगत होते आणि माईकवाला मागं मागं सरकत होता. व्यासपीठावर आठ खुर्च्या, पाहुणे चौदा. बाबा संचालकांच्या उजव्या हाताला, इस्त्रीच्या सदऱ्यात, मांडीवर कापडी पिशवी ठेवून बसले. बसमध्ये बसल्यासारखे ताठ. मी खाली पहिल्या रांगेत. तिथून पळून जाता येत नाही, कारण मागं सगळे ओळखीचे असतात.

दीपप्रज्वलन झालं. काडेपेटी शोधण्यात गेलेल्या वेळात सूत्रसंचालकानं वेळेचं महत्त्व सांगितलं. सत्कार झाले, बाबांच्या खांद्यावर शाल आली. मग संचालक उभे राहिले आणि सरळ म्हातारीवरच आले.

चांगलं सांगितलं त्यांनी, हे मान्य करायला हवं. मी लिहिलं होतं त्याहून चांगलं. गुडघा आला, शेळी आली. भाकर आली तेव्हा बायकांच्या बाजूला पदर हलले. "ती निळी घडी मी उघडली," संचालक म्हणाले आणि हवेत तीन घड्या उघडून दाखवल्या, "आणि त्या दिवशी मला कळलं, शब्दांत ताकद असते!" टाळ्या. मी टाळ्या वाजवत बाबांकडे पाहत होतो. ते समोर पाहत होते. चेहऱ्यावर काही नाही. कंडक्टरचा चेहरा तसाच असतो. बस दरीच्या कडेला असली तरी तो तिकीट फाडत राहतो.

आणि सूत्रसंचालकानं, पत्रिकेत नसताना, माईक बाबांच्या पुढं नेला. "आदर्श पित्यानं दोन शब्द बोलावेत."

बाबा उठले. पिशवी खुर्चीवर ठेवली. माईक थोडा लांब धरला; त्यांना कधी माईक लागला नव्हता.

"साहेबानं गोष्ट चांगली सांगितली," ते म्हणाले. "मी वळखतो त्या म्हातारीले."

संचालकांनी खुर्चीतच मान वळवली.

"साहेब, एक विचारू का? थे पोस्टकार्ड होतं का आंतर्देशीय?"

संचालक ठामपणे म्हणाले, "आंतर्देशीय, काका. निळं. मला स्वच्छ आठवतं."

बाबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पास बनावट आहे हे कळूनही ज्याला बसू द्यायचं ठरवलं, अशा प्रवाशाकडे पाहावं तसं.

"मंग तुमची म्हातारी दुसरी," ते म्हणाले. "माह्यावाली पोस्टकार्डवाली होती. अशा म्हाताऱ्या गावोगाव राह्यतेत. धन्यवाद."

लोक हसले, टाळ्या पडल्या, संचालकांनी बाबांना मिठी मारली. राग आवरणाऱ्या लेखकांनी जेवणाची घोषणा केली. मी हात धुवायला गेलो आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभा राहिलो.

परतताना आम्ही ऑटोत बसलो. मी म्हणालो, "बाबा, मी..."

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. आत खूण म्हणून एक जुनं एसटीचं तिकीट. ते पान उघडलं तर 'आंतर्देशीय' या शब्दाखाली लाल पेन्सिलची दोनदा ओढलेली रेघ.

"तुम्हाला कुठं मिळालं हे?"

"दिवाणात. चादर काढायले गेलतो. सुनेनं काढून देल्ली."

घरी गेल्यावर बायकोला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यायनं चादर मागतली, मी देल्ली. त्याच्याखाली काय हाय हे मले कोणं सांगतलं होतं?" म्हणजे इस्त्रीच्या दिवशी, मी अनसिंगला पाऊस पाडला तेव्हा, बाबांचं पुस्तक वाचून झालेलं होतं.

ऑटोत मात्र मला फक्त एक विचारायचं होतं. "तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना," बाबा म्हणाले. "पोस्टकार्डाचं आंतर्देशीय काहून केलं?"

"मला वाटलं एवढा मजकूर कार्डावर मावणार नाही."

"मावतच नाई! थेच तं हाय!" ऑटोवाल्यानं मागं वळून पाहिलं, बाबांचा कंडक्टरचा आवाज इतक्या वर्षांनी लागला होता. "म्हातारीनं कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं. मले म्हणे, एवढुशा कार्डात शेळी बी मावली अन् गुडघा बी? अन् माहा गुडघा तं पोरगा गेल्यावर दुखून राह्यला, त्याले कोणं सांगतलं? तिले वाचता येत नव्हतं, पण डोये होते ना. कार्डावर तीनच ओळी लिवल्या हायेत हे तिले दिसत होतं. तू कार्डच मोठं करून टाकलं. मंग म्हातारी धरंन कशी?"

"म्हणजे तिनं तुम्हाला पकडलं होतं?"

"त्याच दिवशी."

"मग?"

बाबांनी तिकीट परत त्या पानात ठेवलं. "मंग काई नाई. आठ दिवसानं तेच कार्ड घेऊन आली. म्हणे, वाच रे बाबू, आज काय लिवलं हाय. मी वाचलं. मंग दर बाजाराच्या दिवशी येत जाय. नवं कार्ड येवो न येवो. एकाच कार्डात मी तिच्या पोराचं प्रमोशन केलं, त्याले ताप आणला, बरा बी केला. शेंगा द्याची."

"हे तुम्ही मला सांगितलंच नाही."

"तू इचारलं कुठं? अर्ध्यात उठलो मी, तू तसंच छापून टाकलं." मग त्यांनी पुस्तकाचं सुरुवातीचं ते पान उघडलं, मुद्रकाचा पत्ता असलेलं, आणि डोळ्यांजवळ नेलं. "तुले जे म्हणतेत इथं, शब्दांकन. थे मी नवव्या वर्षी करत होतो. नाव माहंही नव्हतं."

नंतर संचालकांचा फोन आला. दुसरी आवृत्ती काढायची होती. मी म्हणालो, एक दुरुस्ती करू या, पोस्टकार्ड करू या, आणि पुढं एक भागही आहे. ते चपापले. "नाही, नाही. मला जे आठवतं तेच ठेवा, साहेब. उगाच खोटं नको."

मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. "राहू दे. त्याच्या म्हातारीचं निळंच राहू दे. आपलं तू लिव. तुया नावानं. पोस्टकार्ड लिवजो फक्त."

म्हणून हे लिहिलं. पोस्टकार्डच होतं. छापायला देण्याआधी मजकूर बाबांनी वाचला आणि लाल पेन्सिलची एकच खूण करून परत दिला. मी सवयीनं इथंही म्हातारीच्या हातात गूळ ठेवला होता. तो खोडून वर त्यांनी लिहिलं होतं: शेंगा. भाजलेल्या नाही, कच्च्या.